दोन मिनिटांचं इंजिनिअरिंग

पीएल सुरू झाली की रात्री एक वाजता हॉस्टेलच्या प्रत्येक मजल्यावर एकच वास येतो. मेस नऊला बंद, कॅन्टीनला कुलूप आणि एम-थ्रीचे चार चॅप्टर बाकी. अशा वेळी नूडल्सचं पाकीट हाच आपला अन्नदाता! घरचे म्हणतात, ‘ते विष आहे.’ आपण म्हणतो, ‘पोट भरतं ना!’ इंजिनिअर म्हणून आपण दोन्ही बाजू सोडून डेटा बघूया.

दोन मिनिटांत शिजतं कसं?

इन्स्टंट नूडल्स १९५८ मध्ये जपानमध्ये मोमोफुकु आंदो यांनी बाजारात आणल्या. भारतात मॅगी १९८३ मध्ये आली. युक्ती सोपी आहे. वाफवलेल्या नूडल्स साधारण १५० अंश सेल्सिअसच्या तेलात तळतात. आतल्या पाण्याची वाफ होऊन ती बाहेर पडते आणि मागे बारीक छिद्रं उरतात. आपण उकळतं पाणी घातलं की ते या छिद्रांतून भराभर आत शिरतं. म्हणजे शिजवण्याचं मुख्य काम फॅक्टरीतच झालेलं असतं. नूडल्सना मेणाचा थर असतो ही हॉस्टेलमधली अफवा आहे. पाण्यावर जो तवंग दिसतो तो तळणीच्या तेलाचा.

पाकिटामागची डेटाशीट

पाकिटामागचा तक्ता बहुतेक वेळा १०० ग्रामसाठी असतो, आपलं पाकीट मात्र ७० ग्रामच्या आसपास. म्हणून आधी ०.७ ने गुणा. मग सोडियम बघा. सोडियम गुणिले २.५ म्हणजे मीठ. ८०० मिलिग्राम सोडियम आलं तर २ ग्राम मीठ झालं. जागतिक आरोग्य संघटना दिवसभरात ५ ग्रामपेक्षा कमी मीठ खायला सांगते. दोन पाकिटं एकत्र केली तर हिशोब तुम्हीच करा.

आता प्रोटीन. आयसीएमआरच्या २०२० च्या शिफारशीनुसार मोठ्या माणसाला दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्राम लागतं. ६० किलोला साधारण ५० ग्राम. एका पाकिटात ढोबळमानाने ६ ग्राम. थोडक्यात, नूडल्स विष नाहीत, पण जेवणही नाही. एखाद्या रात्री चालतील. वीस दिवसांच्या पीएलमध्ये रोज त्याच खाल्ल्या तर अभ्यास करणारं शरीर अर्ध्या पगारावर काम करतं.

मग करायचं काय?

मसाल्याची पुडी अर्धीच टाका. सोबत उकडलेलं अंडं घ्या (६ ग्राम प्रोटीन) किंवा ५० ग्राम फुटाणे (सुमारे १० ग्राम). दही आणि पातळ पोहे कालवले तर किटलीसुद्धा लागत नाही. घरून येताना मेतकूट आणि शेंगदाण्याचे लाडू आणा. पार्टनरपासून लपवून ठेवा. आणि संध्याकाळी मेसमध्ये जेवाच. गेलं नाही तरी बिल येतंच!

शेवटी रेक्टर सरांना आणि मेस कमिटीला एक विनंती. पीएलमध्ये रात्री अकराला नुसता दहीभात, केळी आणि उकडलेली अंडी मिळाली, तरी निम्मी पाकिटं शेल्फवरच राहतील.

ऑल द बेस्ट. पेपरला जाताना नाश्ता चुकवू नका.