इंग्रजी ‘बी’ क्रियापदाचे तीन धातू आणि मराठी ‘असणे–होणे’

इंग्रजी ‘बी’ या क्रियापदाची ‘ॲम’, ‘इज’, ‘वॉज’, ‘बीन’ ही रूपे व्याकरणाच्या पुस्तकांत ‘अनियमित’ या सदराखाली येतात. वस्तुतः ही एका धातूची विकृत रूपे नसून तीन स्वतंत्र धातूंची एकत्र नांदणारी रूपे आहेत. प्रस्तुत टिपणाचा हेतू या घटनेचा मराठीच्या संदर्भात विचार करणे हा आहे.

‘ॲम’ आणि ‘इज’ ही रूपे संस्कृत ‘अस्मि’ व ‘अस्ति’ यांची सगोत्र होत. ‘बी’ आणि ‘बीन’ यांचा संबंध ‘भू’ धातूशी आहे. मूळ भाषेतील ‘भ्’चा जर्मानिक शाखेत ‘ब्’ झाला. ‘वॉज’ व ‘वेअर’ ही ‘वस्’ म्हणजे राहणे या धातूची रूपे. म्हणजे असणे, होणे आणि वसणे या तीन कल्पना तेथे एकवटल्या. प्राचीन इंग्रजीत पहिल्या दोन धातूंची वर्तमानकाळी रूपे शेजारी शेजारी वापरात होती. ‘भू’ गटातील रूपे प्रायः भविष्यासाठी व सार्वत्रिक सत्यासाठी योजली जात. पुढे हा भेद लोपला.

संस्कृतातही ‘अस्’ला सर्व रूपे नाहीत. आर्धधातुक प्रत्ययांपूर्वी त्याच्या जागी ‘भू’ येतो, असे पाणिनीने अष्टाध्यायीत (२.४.५२) सांगितले आहे. म्हणून ‘अस्ति’चे भविष्यकाळी रूप ‘भविष्यति’ होते.

मराठीची स्थिती याहून वेगळी नाही. ‘आहे’चा भूतकाळ ‘होता’. हे रूप प्राकृत ‘होंत’मार्गे ‘भू’कडे जाते. मात्र ‘होणे’चा भूतकाळ ‘झाला’. त्याचे जुने रूप ‘जाला’ असून ते ‘जन्’ धातूच्या ‘जात’पासून आले. यामुळेच ‘मी तयार होतो’ या वाक्याचे दोन अर्थ संभवतात: तयारी पूर्वीच झालेली होती, किंवा मी आता तयारीला लागतो. तृतीय पुरुषात ‘होता’ आणि ‘होतो’ असा भेद राहतो, प्रथम पुरुषी पुल्लिंगी एकवचनात तो मिटतो.

तात्पर्य, ‘अनियमित’ हा शिक्का मारल्याने रूपांचे स्पष्टीकरण होत नाही, केवळ प्रश्न मिटल्याचा भास होतो. ‘बी’ म्हणजे ‘असणे’ एवढेच समीकरण शिकवल्यास विद्यार्थ्याला इंग्रजीतील ‘भू’ दिसत नाही आणि स्वभाषेतीलही दिसत नाही. भाषांतरात ‘आहे’, ‘असतो’ व ‘होतो’ यांतून निवड करताना नेमके हेच भान आवश्यक ठरते.