हृदयविकारातून बरे झाल्यावर मॅरेथॉन : एक अभ्यास

हृदयविकाराच्या झटक्यातून सावरलेला रुग्ण घरी जाण्यास निघतो, तेव्हा नातेवाइकांचे प्रश्न बहुधा एकाच दिशेचे असतात. जिना चढू द्यावा का, पाण्याची बादली उचलू द्यावी का, देवळापर्यंत एकटे पाठवावे का? काही रुग्ण मात्र पुढील तपासणीस येतात ते निराळाच प्रश्न घेऊन : ‘डॉक्टर, मला मॅरेथॉन धावता येईल का?’ मुंबईत २००४ साली आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन सुरू झाली आणि ४२.१९५ किलोमीटरची ही शर्यत मराठी घरांत बोलण्याचा विषय झाली. धर्मादाय संस्थांसाठी निधी उभारण्याचे ते एक साधनही ठरले. त्यामुळे या प्रश्नाचे उत्तर हसून टाळणे योग्य नव्हे. ‘होय’ किंवा ‘नाही’ अशा एका शब्दात ते देताही येत नाही.

प्रथम विश्रांतीविषयी. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हृदयविकाराच्या झटक्यानंतर रुग्णास सहा-सहा आठवडे अंथरुणावर निजवून ठेवीत. त्याने कूस बदलणेही परिचारिकेच्या मदतीनेच करावे, असा दंडक असे. १९५२ साली बोस्टनमधील डॉ. सॅम्युअल लेव्हाइन आणि डॉ. बर्नार्ड लाऊन यांनी अशा रुग्णांना लवकर आरामखुर्चीत बसविण्याची पद्धत मांडली, तेव्हा ती धाडसाची वाटली. पुढे १९६६ साली अमेरिकेतील डॅलस येथे पाच निरोगी तरुणांना वीस दिवस केवळ अंथरुणावर ठेवून त्यांची क्षमता मोजण्यात आली. शरीर जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकते, हे त्या क्षमतेचे माप. ते एक चतुर्थांशाहून अधिक घटले होते. तीस वर्षांनी याच पाच जणांची पुन्हा तपासणी झाली. वयाची पन्नाशी गाठूनही त्यांच्यापैकी कोणाचीही क्षमता त्या वीस दिवसांच्या निजण्यानंतर होती त्याहून खालावलेली नव्हती. धडधाकट तरुणांची ही गत होते, तर ‘बाबांना जरासुद्धा हलू देत नाही’ असे अभिमानाने सांगणाऱ्या मुलांनी क्षणभर विचार करावा. त्या प्रेमाविषयी आम्हांस शंका नाही, परंतु त्याचा परिणाम औषधाच्या उलट होतो.

या पार्श्वभूमीवर कॅनडातील टोरांटो येथील डॉ. टेरेन्स कव्हाना यांचे काम पाहावे. हृदयविकाराच्या झटक्यातून बरे झालेल्या रुग्णांना ते आधी चालण्याचा, मग चालत-पळत जाण्याचा आणि शेवटी सलग मंद धावण्याचा अभ्यास देत. यांतील एका छोट्या गटाने १९७३ साली बोस्टन मॅरेथॉनमध्ये भाग घेतला. ही शर्यत साधी नव्हे. १८९७ पासून चालत आलेली ती जगातील एक प्रतिष्ठेची स्पर्धा आहे. पुढच्याच वर्षी वैद्यकीय नियतकालिकात त्याचा वृत्तान्त प्रसिद्ध झाला. कव्हानांनी रुग्णांना स्पर्धेसाठी भरीस घातले नाही, तर मोजमाप करीत, महिनोन्‌महिने वाट पाहत तिथवर नेले, हे त्यातील मर्म होय.

१९८५ साली तर त्यांच्या मार्गदर्शनाखाली हृदयप्रत्यारोपण झालेल्या एका रुग्णाने हीच शर्यत पूर्ण केली. प्रत्यारोपित हृदय वेगळ्या रीतीने चालते, हे येथे सांगणे आवश्यक आहे. शस्त्रक्रियेत हृदयाकडे जाणाऱ्या मज्जातंतू तुटलेल्या असतात. त्यामुळे विश्रांतीच्या वेळीही त्याचे ठोके सामान्यापेक्षा जलद असतात. धावू लागताच ते लगेच वाढत नाहीत. रक्तातील संप्रेरकांची वाट पाहावी लागते. थांबल्यावर ते खालीही सावकाश येतात. अशा व्यक्तीने सुरुवातीस शरीर तापविण्यास आणि शेवटी निवविण्यास दुप्पट वेळ दिला, तरी तो वाया जात नाही.

झटक्यानंतर हृदयाच्या स्नायूचा जो भाग मृत होतो, तेथे काही आठवड्यांत घट्ट व्रण तयार होतो. व्यायामाने तो भाग पुन्हा जिवंत होत नाही. मग सुधारणा होते ती कशामुळे? मोठा वाटा पायांच्या स्नायूंचा असतो. सराव झालेले स्नायू रक्तातून अधिक प्राणवायू शोषून घेतात, त्यामुळे तेवढ्याच कामासाठी हृदयास कमी ठोके द्यावे लागतात. हृदयाच्या स्वतःच्या रोहिण्यांत रक्त मुख्यतः दोन ठोक्यांमधील विसाव्यात भरते. ठोके कमी झाले की तो विसावा लांबतो. हे सारे घडण्यास नित्यनेम लागतो, धाव वेगाची असावी लागत नाही.

आता दुसरी बाजू. एकोणीसशे सत्तरच्या दशकात कॅलिफोर्नियातील विकृतिशास्त्रज्ञ डॉ. टॉमस बॅसलर यांनी असे प्रतिपादन केले, की मॅरेथॉन धावणाऱ्यास हृदयाच्या रोहिण्यांच्या विकारापासून जणू कवचच मिळते. कल्पना मोहक होती. १९७९ साली दक्षिण आफ्रिकेतील डॉ. टिम नोक्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी मॅरेथॉन धावणाऱ्यांतील रोहिणीविकार शवविच्छेदनाने सिद्ध करून ती खोडून काढली. धोक्याची लक्षणे जाणवूनही धावत राहिल्याची उदाहरणे त्यांनी दाखवून दिली. अमेरिकेत घरोघरी धावण्याचा प्रसार करणारे लेखक जिम फिक्स हे २० जुलै १९८४ रोजी व्हरमाँट येथे धावत असतानाच मरण पावले. वय ५२. तारुण्यात त्यांनी भरपूर धूम्रपान केले होते आणि त्यांचे वडील ४३ व्या वर्षीच हृदयविकाराने गेले होते. धावण्याने अंगची पूर्वपीठिका पुसली जात नाही.

मग धोका किती? अमेरिकेत २००० ते २०१० या काळात मॅरेथॉन व अर्धमॅरेथॉन धावलेल्या सुमारे १ कोटी ९ लाख लोकांची पाहणी २०१२ साली प्रसिद्ध झाली. त्यांत ५९ जणांचे हृदय शर्यतीदरम्यान वा लगेच नंतर बंद पडले आणि ४२ दगावले. पूर्ण मॅरेथॉनमध्ये हे प्रमाण लाखात सुमारे एक, अर्ध्या शर्यतीत त्याच्या चौथाईच्या आसपास. आकडा लहान आहे, पण तो सर्वसाधारण धावपटूंचा आहे. झटका येऊन गेलेल्यांना तो जसाच्या तसा लागू करू नये. वाचलेल्यांच्या बाबतीत जवळच्या माणसाने तत्काळ छाती दाबण्यास सुरुवात केली होती, हे एक मोठे कारण आढळले. म्हणून रुग्णाच्या घरातील निदान दोघांनी ही कृती शिकून घ्यावी, असा आमचा आग्रह असतो.

ज्यास खरोखरच धावावयाचे आहे, त्याने इको व ताण चाचणी करून घ्यावी, आणि ती नेहमीची औषधे चालू ठेवून. बीटा ब्लॉकर घेणाऱ्याची नाडी औषधामुळे दबलेली असते. पुस्तकातील वयानुसारची कोष्टके त्यास उपयोगाची नाहीत. साधी खूण अशी, की धावताना सोबत्याशी पूर्ण वाक्यात बोलता आले पाहिजे. चालण्यापासून पूर्ण मॅरेथॉनपर्यंत एक वर्ष हा काळ थोडाच म्हणावा लागेल. ताप, विशेषतः विषाणूजन्य, असताना धावू नये, कारण अशा वेळी हृदयाच्या स्नायूस दाह झालेला असू शकतो. छातीत, जबड्यात किंवा डाव्या हातात दडपण जाणवले तर थांबावे, मग अंतिम रेषा शंभर पावलांवर असली तरीही. पाण्याचाही अतिरेक नको. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्क्यांच्या रक्तात सोडियम कमी आढळले होते, आणि त्याचा संबंध प्रामुख्याने अतिरिक्त पाणी पिण्याशी होता. तहान लागेल तेवढे प्यावे. हृदय अशक्त असल्यास याबाबत डॉक्टरांनी ठरवून दिलेली मर्यादा प्रमाण मानावी.

देणगीदारांसाठी एक गोष्ट स्पष्टपणे लिहितो. शस्त्रक्रियागृहास वा नव्या यंत्रास देणगी सहज मिळते; त्यावर नामफलक लागतो, उद्घाटन होते. हृदयपुनर्वसनास मात्र लागतो तो एक भौतिकोपचारतज्ज्ञ, एक मोकळी ओसरी, रक्तदाब मोजण्याचे साधन आणि आठवड्यातून तीन वेळा रुग्णास परत बोलावण्याची चिकाटी. बाहेरगावच्या रुग्णास तर एस.टी.चे भाडेच जड जाते आणि तो तिसऱ्या खेपेनंतर येईनासा होतो. रोहिणी मोकळी करण्यावर लाखो रुपये खर्च करून पुढील चालण्याची सोय न करणे, हा व्यवहार आम्हांस पटत नाही.

रुग्णांपैकी बहुतेकांस मॅरेथॉन धावावयाची नसते, आणि त्यात काही उणेही नाही. रोज अर्धा तास चालणारा मनुष्य आपले काम चोख करीत असतो. जे उतरतील, त्यांच्यासाठी एक शेवटची सूचना. शर्यतीच्या क्रमांकपट्टीच्या मागील बाजूस वैद्यकीय माहितीसाठी बहुधा जागा असते. ती पुष्कळजण कोरी ठेवतात. तेथे झटका वा शस्त्रक्रिया कोणत्या साली झाली, सध्या कोणती औषधे चालू आहेत, कशाची ॲलर्जी आहे आणि घरी कोणाला दूरध्वनी करावा, हे ठळक व सुवाच्य अक्षरांत, न पुसल्या जाणाऱ्या शाईने लिहावे.