यात्रा, तिकीट आणि गर्दीची मर्यादा

नरपडच्या किनाऱ्यावरून पूर्वेस महामार्गाची वाट धरली असतां चारोटीनजीक विवळवेढे येथें श्रीमहालक्ष्मीचें देऊळ लागतें. चैत्री पौर्णिमेपासून सुमारें पंधरा दिवस तेथें यात्रा भरते. डहाणू-तलासरीच्या पाड्यांवरून व गुजरातेंतूनहि लोक येतात. दर्शन घडतें, मुलें पाळण्यांत बसतात, आणि लहान विक्रेत्यांच्या पदरीं चार पैसे पडतात. परंतु २०२० सालीं ही पौर्णिमा ८ एप्रिल रोजीं आली, तेव्हां २५ मार्चपासून सारा देश टाळेबंदींत होता. २०२१ सालीं २७ एप्रिल रोजींहि राज्यांतील प्रार्थनास्थळें बंदच होतीं. लागोपाठ दोन वर्षें यात्रा भरली नाहीं. वांद्र्याची मोतमाउलीची जत्राहि २०२० सालीं रद्द झाली.

येथें विद्यार्थ्यांनीं एक प्रश्न विचारावा. साथीच्या काळांत उत्सव सर्वस्वीं बंद ठेवावा, कीं माणसें मोजून आंत सोडावीं?

बंदीचा अधिकार जुनाच आहे. मुंबईंत प्लेग पसरल्यावर १८९७ सालीं साथरोग कायदा झाला. तोच कायदा महाराष्ट्र शासनानें मार्च २०२० मध्यें पुन्हां लागू केला. मोजून सोडण्याची रीत मात्र त्याहून नाजूक आहे. शांघाय येथील डिस्नेलँड नांवाचें क्रीडोद्यान ११ मे २०२० रोजीं पुन्हां उघडलें. एरवीं तेथें दिवसास ८०,००० लोक मावत. सरकारनें ३० टक्क्यांची, म्हणजे २४,००० ची मर्यादा घातली, आणि चालकांनीं त्याहूनहि कमी तिकिटें काढलीं. प्रत्येक तिकिटावर दिवस ठरलेला होता. मुंबईच्या सिद्धिविनायक मंदिरांत नोव्हेंबर २०२० मध्यें तासास १०० व दिवसास १,००० भाविक सोडूं लागले. त्यासाठीं मोबाइलवर आधीं नोंदणी करावी लागे.

आतां यांतील गणित पाहूं. एके वेळीं आंत किती माणसें असतील, हें केवळ येणाऱ्यांच्या संख्येवर ठरत नाहीं. तासास येणारी माणसें व प्रत्येकाचा सरासरी मुक्काम यांचा गुणाकार करावा. तासास १०० माणसें आलीं व प्रत्येक जण अर्धा तास थांबला, तर आंत ५० असतील. तींच दोन तास रेंगाळलीं, तर २०० होतील. दार तेंच, तिकिटें तितकींच. पण गर्दी चौपट! म्हणून देवळांत, जेथें भाविक दर्शन घेऊन निघतो, तेथें ही युक्ति साधते. यात्रेंत माणूस दिवसभर फिरतो, आणि तिला दारहि नसतें. चहूं वाटांनीं लोक येतात. तेथें केवळ तिकीट छापून मर्यादा राहणार नाहीं. त्या दोन वर्षीं यात्रा थांबविणें प्राप्तच होतें, याचें कारण हें.

तथापि बंदीचा भार सर्वांवर सारखा पडत नाहीं. पगारदाराची एक सहल बुडते. खेळणीं विकणाऱ्याची मिळकत बुडते. मर्यादेंतहि तोच भेद लपलेला आहे. जागा थोड्या झाल्या कीं दर वाढविण्याचा मोह होतो, आणि ज्याच्या खिशांत पैसा, त्यासच प्रवेश मिळतो. नोंदणी केवळ मोबाइलवर ठेविली, तर ज्या पाड्यावर तो नाहीं वा त्यास संदेश पोंचत नाहीं, तेथील भाविकास दार बंदच.

म्हणून पुन्हां असा प्रसंग आल्यास कांहीं गोष्टी ध्यानीं धराव्या. यात्रेचे दिवस गांवोगांवीं वांटून द्यावे. चिठ्ठी विनामूल्य असावी व ती ग्रामपंचायतींतहि मिळावी. येण्याच्या वेळेबरोबर परतण्याची वेळहि तींत लिहावी. आणि ज्या विक्रेत्यांची जागा जाईल, त्यांच्या पोटाचा विचार आधीं व्हावा.

मुलांनो, वर्गांत शिकलेला गुणाकार असा लोकांच्या जिवाशीं येऊन भिडतो. मर्यादा घालणें सोपें आहे. ती न्यायानें घालणें, हीच खरी परीक्षा होय.