आधी खराटा, मग कीर्तन

छोटे, व्हिसाचे पेढे वाटून झाले असतील तर आता जरा माझ्याजवळ बस. एजन्सीवाल्यांनी तुला नर्सच्या नोकरीचा पगार, करार, स्टुटगार्टची थंडी सगळं समजावलं. बी-टूपर्यंतचं जर्मन तू रात्र रात्र जागून शिकलीस. पण परक्या गावात नांदायचं कसं, हे त्यांच्या फाइलीत नाही. माझ्याकडं साधा पासपोर्ट नाही, तरी मी सांगणार. बाहेरून आलेल्या माणसाला गाव कसं जोखतं, हे मी आपल्या ओट्यावर बसून वर्षानुवर्षं पाहिलंय.

आपलं नांदगाव पेठ काय होतं आणि काय झालं, तुला आठवतं ना? १३५० मेगावॅटचं औष्णिक वीज केंद्र झालं, एमआयडीसीत कापडाचे कारखाने आले, २०२४ मध्ये पीएम मित्र पार्कची पायाभरणी झाली. बिहारचे फिटर आले, यूपीचे वेल्डर आले, कुठकुठचे इंजिनिअर आले. आपल्या मागच्या दोन खोल्याही तेव्हापासून रिकाम्या राहिल्या नाहीत.

त्यातलं ते इंजिनिअरचं कुटुंब आठव. माणसं सज्जन, भाडं एक तारखेला. पण भाजीसुद्धा अमरावतीहून आणायची, दार कायम लोटलेलं, समोरून आपली आई गेली तरी मान खाली. ती गेली तेव्हा गल्लीत कोणाला पत्ताही लागला नाही. आणि ती फिटरची बायको! मराठीचा गंध नाही. सप्ताहाच्या पंगतीला बायका रोडगे करत होत्या, तर ही येऊन गोवऱ्यांच्या आराजवळ बसली. काकू म्हणाल्या, “कावून वं बाई, येतात का तुले?” तिला प्रश्न कळला नाही, पण तिनं कणकेची परात ओढून घेतली. रोडगे वाकडेतिकडे झाले. लोकांनी तेच आधी उचलले. पुढं छठला तिनं घरोघरी ठेकुआ दिला, तेव्हा सगळ्यांनी हक्कानं मागून घेतला. आपल्या गावानंही काही मोठं मन दाखवलं असं समजू नकोस. तिच्या नवऱ्याला लोक अजून ‘तो बिहारी’च म्हणतात. पण तिला नावानं हाक मारतात.

मला तुला सांगायचंय ते एवढंच. तिथली संस्कृती आवडली म्हणून गोडगोड बोलून कोणी आपलं म्हणत नाही. तिथल्या कामात वाटा उचल.

आता तुझ्या स्टुटगार्टचं ऐक. माझ्या मैत्रिणीची नणंद तिकडंच असते, तिनं फोनवर तासभर सांगितलं. त्या भागात केरवोखे नावाची रीत आहे, पंधराव्या शतकापासूनची. बिल्डिंगमधल्या प्रत्येक बिऱ्हाडाची आठवड्याची पाळी लागते. जिना झाडायचा, पुसायचा, कुठं कुठं दारापुढचा रस्ताही. ज्याची पाळी त्याच्या दारावर पाटी लटकवतात. आपल्याकडची पुष्कळ शिकलेली मंडळी या पाटीनं हादरतात. मी नर्स, मी डॉक्टर, मी कशाला जिना झाडू? बाप्पा, तू गाडगेबाबांच्या जिल्ह्यातली पोर! शेंडगावचा तो माणूस कुठल्याही परक्या गावात शिरला की आधी खराटा हाती घ्यायचा. दिवसभर गाव झाडायचा आणि रात्री कीर्तनात त्याच गावाला चार शब्द खडसावून सांगायचा. लोक ऐकून घेत. तुलाही तिथल्या लोकांना काही सांगावंसं वाटेल, त्यांचं काही चुकतंय असंही वाटेल. सांग की. फक्त पाटी आपल्या दारावर असेल त्या आठवड्यात जिना चकचकीत असू दे.

आता दवाखान्यातल्या कामाचं. इथली सिस्टर इंजेक्शन देते, सलाईन लावते. पेशंटला पुसणं, भरवणं, कपडे बदलणं आपल्याकडं नातेवाईक करतात नाहीतर आयाबाई करते. तिथं ते नर्सचंच काम आहे. आपल्या कितीतरी मुली पहिल्याच आठवड्यात घरी फोन करून रडतात, मला इथं आयाबाईचं काम देतात म्हणून. तू तसं मनात आणू नकोस. त्यांच्याकडं म्हाताऱ्या माणसाला नीट अंघोळ घालणं हा नर्सिंगच्या विद्येचाच भाग. त्या वेळीच कातडी कुठं लाल झाली, पाय कुठं सुजला हे कळतं. खाटेजवळ उशाशी बसणारं माणूस तिथं रात्रंदिवस नसतं, म्हणून त्या म्हाताऱ्यांना दिवसभरात जो काय स्पर्श होतो तो तुझाच. आणि त्यांना आजीबाई, आजोबा म्हणू नकोस हं. आपल्याला माया वाटते, त्यांना सलगी वाटते. फ्राऊ अमुक, हेर तमुक आणि आपल्या ‘तुम्ही’सारखं ‘झी’. ते स्वतःहून ‘डू’वर, म्हणजे ‘तू’वर आले तर गोष्ट वेगळी.

पुस्तकातलं जर्मन तुला येतं, पण वॉर्डातली आजी श्वेबिश, म्हणजे तिकडची बोली बोलणार. त्याची भीती वाटू देऊ नकोस. पुण्याच्या पाहुण्यांसमोर आपले आबा वऱ्हाडीत बोलायला लागले की पाहुण्यांचं काय होतं, ते पाहिलंयस ना? पुन्हा विचारलं की आबा किती खूश होतात, तेही पाहिलंयस.

रविवारी गप्प राहायचं. दुकानं बंद, ड्रिल मशीन बंद, काचेच्या बाटल्यासुद्धा त्या दिवशी कचऱ्याच्या पेटीत टाकायच्या नाहीत, खळ्ळकन आवाज होतो म्हणून. भोंग्याशिवाय ज्याचा रविवार जात नाही अशा गावातून तू चाललीस, तेव्हा पहिले काही रविवार कानात दडे बसल्यासारखं वाटेल. फोडणी घालताना खिडक्या सताड उघड, थंडी असली तरी. खोलीत हवा खेळती ठेवायची हे तिथल्या भाडेकरारातही असतं म्हणे. वाढदिवसाच्या आदल्या दिवशी कोणाला शुभेच्छा देऊ नकोस, अपशकुन मानतात. आणि तुझ्या वाढदिवसाला केक तूच घेऊन जायचास. वाट पाहत बसलीस तर उपाशी राहशील.

आई विचारते, पोरगी बाटेल का, साडी सोडेल का, मटण खाईल का. आईला मी आनंदीबाई जोशींची गोष्ट सांगितली. १८८३ साली ती अठरा वर्षांची पोर नवऱ्याशिवाय अमेरिकेत गेली. निघण्याआधी बंगालमधल्या श्रीरामपुरात भरसभेत सांगून गेली की हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन. मांस खाल्लं नाही, साडी सोडली नाही. पण नऊवारीत पोटऱ्या उघड्या पडून थंडी वाजायची, तेव्हा तिनं गुजराती पद्धतीनं साडी नेसायला सुरुवात केली. कुठं धरून ठेवायचं आणि कुठं सैल सोडायचं, ते तिला त्या वयात कळलं. न्यू जर्सीच्या कार्पेंटर बाईंच्या घरी ती अशी मिसळली की तिच्या अस्थीसुद्धा पुढं त्या कुटुंबाच्या दफनभूमीत, न्यू यॉर्क राज्यातल्या पकीप्सीत गेल्या. पंडिता रमाबाईंनी तर अमेरिका नुसती पाहिली नाही, १८८९ मध्ये तिथल्या लोकस्थितीवर मराठीत पुस्तक लिहून आपल्या लोकांपुढं ठेवली. तूही डायरी लिही. तक्रारीची नको, पाहिलेल्याची.

आणखी एक. मान देणं म्हणजे मान खाली घालणं नव्हे. कोणी रंगावरून बोललं, ‘तुला हे कळणार नाही’ म्हणून कामातून बाजूला सारलं, तर गिळून बसू नकोस. दवाखान्यांमध्ये कर्मचाऱ्यांनी निवडून दिलेलं मंडळ असतं, त्यातली माणसं कोण हे पहिल्या महिन्यातच माहीत करून घे. वाटा उचलणाऱ्याला तक्रार करायचाही हक्क असतो.

मराठी मंडळात जा, गणपतीला मोदक खा, कंटाळा आला की आपल्या बोलीत मनसोक्त बोल. मात्र सगळे रविवार तिथंच घालवू नकोस. जर्मन माणसाची ओळख रस्त्यात होत नाही, फेराइनमध्ये होते, म्हणजे त्यांच्या क्लबात. गाण्याचे, बागेचे, कसरतीचे, असे हजारो. तू हनुमान आखाड्यात मल्लखांब शिकलीस ना? आपल्या त्याच हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची पोरं १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकला कबड्डी दाखवून आली होती, हिटलरच्या राज्यात! तू आता बऱ्या दिवसांत चाललीस. एखाद्या कसरतीच्या क्लबात नाव घाल. पहिल्या दिवशी सतरंज्या उचलायला सांगतील, तर उचल.

आता बॅगेचं. आई तूप आणि पेढे कोंबायच्या तयारीत आहे. दुधाचे पदार्थ बाहेरून युरोपात नेऊ देत नाहीत, विमानतळावर काढून घेतात. तिला तू सांगू नकोस, रडेल. मी सांगते. त्या जागी काळा मसाला आणि मूगवड्या बसव, आणि एक स्वेटर कमी कर, तिथं चांगले मिळतात.