नव्या सरांचा पहिला हंगाम

ताडकळसला चहाच्या टपरीवर गप्पा रंगतात त्या क्रिकेटच्या, नाहीतर कबड्डीच्या. बास्केटबॉलचं नाव क्वचित निघतं. तरीही आमच्या भागातली पोरं कॉलेजच्या संघातून हा खेळ जीव लावून खेळतात. आंतरमहाविद्यालयीन सामन्यांत मी गुणलेखकाच्या टेबलावर बसत आलोय. यंदा एका संघाला नवे प्रशिक्षक मिळाले आणि पहिल्याच हरलेल्या सामन्यानंतर जो तो मला विचारू लागला, "कसे आहेत नवे सर?" या प्रश्नानं मला बरंच काही नव्यानं बघायला लावलं.

१. हंगाम म्हणायचं तरी कशाला? अमेरिकेत कॉलेजचा संघ एका हंगामात तीसेक सामने खेळतो. आमच्या सामन्यांची बाद पद्धत. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली या चार जिल्ह्यांतली कॉलेजं येतात. ड्रॉमध्ये पहिल्याच फेरीत एखादा तगडा संघ समोर आला, की चाळीस मिनिटांच्या खेळात अख्खं वर्ष आटोपतं. एवढ्यावरून माणसाची पारख करायची, तर त्यात सरांपेक्षा ड्रॉच जास्त दिसतो.

२. गुणांपेक्षा फाउलचे रकाने जास्त बोलतात. एका क्वार्टरमध्ये संघाचे चार फाउल झाले, की पाचव्यापासून समोरच्याला दोन फ्री थ्रो मिळतात. सुरुवातीच्या मैत्रीपूर्ण सामन्यांत आमच्या पोरांचे चार फाउल क्वार्टर अर्धा व्हायच्या आतच भरायचे. लोक म्हणायचे, पोरं तापट आहेत. तापट कसली? हात पुढे जातो तो पाय उशिरा पोहोचतात म्हणून. सरांनी सरावात बॉल बाजूला ठेवून नुसतं पाय सरकवणं घोटून घेतलं. पोरं कंटाळली, बघणारेही कंटाळले. पण हळूहळू माझ्या शीटवर पाचवा फाउल उशिरा पडू लागला. काही क्वार्टरमध्ये पडलाच नाही. गुणफलक बघणाऱ्यांना यातलं काहीच दिसलं नव्हतं.

३. कोच ओळखावा टाइम-आउटमध्ये. पूर्वार्धात दोन, उत्तरार्धात तीन, एवढेच मिळतात आणि प्रत्येकाचं मिनिट आम्हाला लिहून ठेवावं लागतं. बरेच जण ते शेवटपर्यंत राखतात आणि सामना हातचा गेल्यावर ओरडण्यात खर्च करतात. नव्या सरांनी एकदा दुसऱ्या क्वार्टरमध्येच मागितला. मला वाटलं, आता पोरांची खरडपट्टी निघणार. सरांनी गार्डला फक्त विचारलं, "त्यांचा सात नंबर कुठून घुसतोय?"
"डावीकडून, सर."
"मग?"
पोरगा क्षणभर गप्प राहिला. "मी बेसलाइन बंद करतो. मधे कुणीतरी या."
दोघं एकदम म्हणाले, "मी येतो." मिनिट संपलं. तो सामना आपण हरलोच. पण आमच्याकडची मुलं सरांपुढे मान खाली घालून "हो सर" म्हणणारी. त्यांतला एक जण स्वतःचं उत्तर शोधतोय, हे मी त्या टेबलावरून फार कमी वेळा पाहिलंय.

४. सोयाबीनची काढणी कुणासाठी थांबत नाही. स्पर्धेचे दिवस आणि काढणीचे दिवस अनेकदा एकच येतात. सरावाला दांडी मारली म्हणून संघाबाहेर काढणं सोपं असतं. सरांनी सराव उजाडायच्या आत घेतला. मळणीयंत्रावरची पोरं अंगावरचा भुसा झटकत यायची आणि उन्हं चढायच्या आत शेतात परत जायची. त्या वयाच्या पोरांची ही ताकद बघून मला स्वतःच्या थकव्याबद्दल बोलणं जड जाऊ लागलं.

५. यशाचं श्रेयही जपून द्यावं. क्रिकेट प्रशिक्षक चंद्रकांत पंडित विदर्भाकडे आले आणि २०१७-१८ च्या त्यांच्या पहिल्याच हंगामात विदर्भानं रणजी करंडक प्रथमच जिंकला. पुढच्या वर्षी तो राखलाही. पंडितांची शिस्त खरीच, पण विदर्भाच्या अकादमीत आधीपासून घडलेली पोरं आणि वसीम जाफरसारखा मुरलेला फलंदाजही त्यांच्या हाताशी होता. हेच पंडित कोलकात्याच्या आयपीएल संघाला मिळाले. २०२३ मध्ये तो संघ सातवा, २०२४ मध्ये विजेता, २०२५ मध्ये आठवा आला. दरवर्षी माणूस तोच होता.

६. वाट बघण्याचीही सोय लागते. माइक शशेव्स्की १९८० मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात बास्केटबॉलचे प्रशिक्षक म्हणून आले. पहिल्या हंगामात १७ विजय, १३ पराभव. दुसऱ्यात १० विजय, १७ पराभव. तिसऱ्यात ११ आणि १७. तरी विद्यापीठानं त्यांना ठेवलं. पहिलं राष्ट्रीय विजेतेपद १९९१ ला आलं आणि पुढे एकूण पाच झाली. आमच्याकडे कितीतरी प्रशिक्षक मानधनावर, नाहीतर तासिका तत्त्वावर असतात. त्यांचा तिसरा हंगाम उजाडतच नाही. पोरं मात्र दरवर्षी नव्या माणसाकडून पहिला धडा पुन्हा गिरवतात. याचा मला मनापासून राग येतो.

यंदाचे सरही मानधनावरच आहेत. जूनमध्ये त्यांना पुन्हा बोलवावं, असा अर्ज मी लिहिलाय. सोबत हंगामाच्या सगळ्या स्कोअरशीटच्या प्रती जोडतोय आणि फाउलच्या रकान्यांवर लाल पेनानं खूण करतोय, कारण अर्ज वाचणाऱ्यांची नजर आधी निकालावरच जाणार.