खिडकीच्या खाचेतली धूळ

बाळाच्या रक्तात शिसं निघालं, तेव्हा घरातल्यांचा पहिला संशय हळदीवर गेला. आजीने सांगलीहून पाठवलेली हळद, मग काजळ, मग देव्हाऱ्यातला शेंदूर. बोस्टनजवळ राहणारं हे मराठी कुटुंब. दवाखान्यातल्या नर्सनेही हेच प्रश्न विचारले, आणि ते वावगे नव्हते. शेंदूर हा शिशाचाच ऑक्साइड. हळद पिवळीधमक दिसावी म्हणून तिच्यात लेड क्रोमेट मिसळण्याचे प्रकारही घडलेले आहेत. इथे मात्र हळद निर्दोष सुटली. सापडली ती खिडकी.

घर १९२०च्या दशकातलं, लाकडी, तीन मजली. अमेरिकेत घरगुती रंगातल्या शिशावर बंदी आली १९७८ मध्ये. त्याआधीचं घर विकताना शिशाविषयी माहिती देणारा कागद गिऱ्हाइकाच्या हाती ठेवावा लागतो आणि तपासणीसाठी १० दिवसही मिळतात. या दोघांना कागद मिळाला होता. ‘‘इतक्या सह्या केल्या, त्यात आणखी एक,’’ नवरा आता ओशाळून सांगतो. तपासणी त्यांनी सोडून दिली. पुढे एका शनिवारी त्याने भाड्याने सँडर आणला आणि खिडक्यांचा जुना रंग स्वतःच घासून काढला. बाळ शेजारच्या खोलीत रांगत होतं.

मॅसॅच्युसेट्समध्ये पहिल्या वाढदिवसाच्या आत मुलाच्या रक्तातलं शिसं तपासावंच लागतं. आकडा आला डेसिलिटरमागे १४ मायक्रोग्रॅम. ३.५ च्या पुढे गेलं की तिथले डॉक्टर सावध होतात. बाळ तर हसतंखेळतं होतं. ना ताप, ना उलटी. आईबाप गाफील राहतात ते यामुळेच. एवढ्या आकड्याला औषधही नसतं. रक्तातून शिसं ओढून काढणारं औषध साधारण ४५ च्या पुढे देतात. त्याच्या आत उपाय एकच: शिसं येतं कुठून ते शोधायचं आणि ती वाट बंद करायची.

सरकारी तपासनीस क्ष-किरणांचं छोटं यंत्र घेऊन घरभर फिरला. त्या घरांच्या खिडक्या वर-खाली सरकतात. दर उघडझापेला रंग रंगावर घासतो आणि पिठासारखी भुकटी खालच्या खाचेत साठते. नुकतं उभं राहू लागलेलं मूल नेमका तिथेच आधार घेतं, आणि तोच हात तोंडात घालतं. म्हणजे सँडर आणला नसता तरी धूळ होतीच. वर्षानुवर्षांचं काम सँडरने एका दुपारी उरकलं, इतकंच.

‘‘मी आधी झाडू बंद केला,’’ बाळाची आई सांगते. झाडूने ही धूळ फक्त उडते. साधा व्हॅक्युमही ती मागच्या बाजूने हवेत सोडतो. ती ओल्या फडक्याने पुसू लागली आणि फडकं दर वेळी नवं. खेळणी रोज धुवायची, जेवणाआधी हात धुवायचे. चपला दाराबाहेर काढण्याची आपली सवय इथे फारच कामी आली, कारण जुन्या घराभोवतीच्या मातीतही शिसं असतं. स्वयंपाकाला नळाचं गरम पाणी घेणं तिने सोडलं. जुन्या नळांतलं शिसं गरम पाण्यात जास्त उतरतं. लोह आणि कॅल्शियम पोटात असलं की शिसं कमी शोषलं जातं, म्हणून बाळाच्या वाटीत नाचणीचं सत्त्व आलं. खिडक्या मात्र परवानाधारक कंत्राटदाराकडूनच बदलल्या. प्लॅस्टिकचे पडदे लावून काम चाललं होतं, तेव्हा सगळे नातेवाइकांकडे मुक्कामाला होते. आकडा उतरायला कित्येक महिने लागले.

यंदा दिवाळीआधी पुण्यातल्या माहेरी रंगकाम निघालं, तेव्हा तिने फोन करून रंगाऱ्याचा कोरडा पॉलिश पेपर थांबवला. भारतात रंगातल्या शिशाला ९० पीपीएमची मर्यादा आहे, पण ती नोव्हेंबर २०१७ पासून, आणि तीही नव्या डब्यापुरती. दारावरचे जुने थर तिच्यात येत नाहीत. तुमच्याकडेही जुना ऑइलपेंट खरवडायचा असेल, तर लाकूड आधी ओलं करून घ्या आणि धूळ पुसून होईपर्यंत लहान मुलांना आजोळी पाठवा.