उचलीचा हिशेब : इयत्ता सातवीसाठी एक पाठ

गरिबी दैवाने येते, हा समज मुले घरूनच घेऊन येतात. चारठाण्याच्या शिक्षकांना तो दूर करण्यासाठी फार लांब जावे लागत नाही. गावातील प्राचीन देवालये व बारव मुलांना नीट दाखवावीत. एवढे कोरीव काम जेथे झाले, तेथे पाथरवटांना पोसण्याइतके धान्य व धन एके काळी होते, हे त्यांच्या ध्यानी येते. मग ‘ते गेले कोठे?’ हे मुलेच विचारतात. पाठाचा आरंभ तेथून करावा.

पावसावर अवलंबून असलेली जमीन आणि पिढीगणिक होणाऱ्या वाटण्या ही कारणे मुलांना ठाऊकच असतात. पूर्णा नदीवरील येलदरी धरण १९६८ साली याच जिंतूर तालुक्यात पुरे झाले, परंतु माळावरील शिवाराला आभाळाचाच भरवसा असतो. या कारणांवर वेळ थोडा द्यावा. अधिक वेळ कर्जास द्यावा. कारण ते कागदावर असते आणि कागद वाचता येतो.

१८७५ साली पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांची दप्तरे हिसकावून जाळली. ज्या लिखाणावर अंगठा उठविला, त्यात काय आहे हे बहुतेकांना वाचता येत नव्हते. १८७९ च्या कायद्याने शेतकऱ्याला पावती व हिशेब मागण्याचा हक्क मिळाला. पण आपला मुलूख तेव्हा निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे तो कायदा इकडे लागू नव्हता. निजामाची सत्ता १९४८ साली संपली. सावकाराचे दप्तर मात्र निराळ्या रूपाने राहिले. त्याचे आजचे नाव उचल.

येथे स्वतःची एक चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी दिवाळीनंतर एका शाळेच्या तपासणीत पट व हजेरी यांत मोठी तफावत दिसली. मी शेऱ्यात शिक्षकांना दोष दिला. निघताना दारात उभ्या असलेल्या एका मुलीला विचारले, “तुझा भाऊ कोठे आहे?” ती म्हणाली, “कारखान्याला गेलाय. बाकी राहिली होती ना साहेब.” किती बाकी, हे तिला ठाऊक नव्हते, बापालाही ठाऊक नव्हते, असे पुढे कळले. मुकादमाला तेवढे ठाऊक होते.

म्हणून फळ्यावर पुढील उदाहरण घ्यावे. आकडे केवळ सरावाचे आहेत. एका कोयत्याने, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीने, ८०,००० रुपये उचल घेतली. तोडणीचा दर टनास ३६० रुपये असून रोज २ टन ऊस तुटतो. म्हणजे दिवसाचे ७२० रुपये. हंगाम १२० दिवसांचा, पैकी २० दिवस आजारपण व खाडे. मिळकत ७२,००० रुपये झाली व ८,००० बाकी उरले. त्यावर दरमहा शेकडा ३ रुपये व्याज धरल्यास दसऱ्यापर्यंतच्या ६ महिन्यांत १,४४० वाढतात. हंगामातील किराणा कोठून आला, हे अद्याप धरलेलेच नाही! तो मुलांनाच धरू द्यावा.

शेकडा ३ म्हणजे वर्षास शेकडा ३६, हे अनेक मुले प्रथमच ऐकतात. यानंतर बचत गट व बँक यांचे दर मुलांनी स्वतः विचारून आणावेत. १९७२ च्या दुष्काळानंतर महाराष्ट्राने १९७७ साली रोजगार हमीचा कायदा केला व २००५ साली देशानेही ते तत्त्व स्वीकारले, हेही सांगावे. गावातच काम मागता येते, हे उचलीआधी कळले तरच उपयोगाचे.

हा पाठ दसऱ्यापूर्वी घ्यावा. नंतर ज्यांच्यासाठी तो आहे ती मुले वर्गात नसतात. हंगामी वसतिगृहाची व्यवस्था असेल तेथे पालकांशी बोलणी भाद्रपदातच सुरू करावीत. जे मूल जाणारच असेल, त्याच्या हाती शिक्षण हमी कार्ड व एक कोरी वही द्यावी. वहीच्या पहिल्या पानावर त्याच्याच अक्षरात उचलीची रक्कम, तारीख व व्याजाचा दर लिहून घ्यावा. पुढील पानांवर रोजचे टन.